चार्ल्स ग्रिफिथ: दोन दिवसांत शूट होणारी पटकथा लिहायची कशी?

कोपऱ्यातली_खुर्ची: अमेरिकी निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या स्वस्त सिनेमांचं कौतुक कॉर्मनच्याच वाट्याला येतं. पण ‘अ बकेट ऑफ ब्लड’ (१९५९) आणि ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) लिहिले चार्ल्स ग्रिफिथने. ‘लिटल शॉप’ सुमारे ७० मिनिटांचा, मुख्य शूटिंग दोन दिवस आणि एक रात्र! कागदावर हे कसं जमवलं? मलाही पाच दिवसांत, एकाच दुकानात उरकेल असं लिहायचंय. आणि एवढं लिहून ग्रिफिथच्या हाती काय लागलं?

तिसरा_अंक: पानाला एक मिनिट धरलं तर दिवसाला तीसेक पानं. एरवी चार-पाच झाली तरी युनिट खूश असतं. तिथे सेट आयता होता, टीव्हीसारखे दोन कॅमेरे एकदम चालत. म्हणून सीन लांब, एकाच खोलीत, माणसं दारातून येतात-जातात. खरी हुशारी ‘लिटल शॉप’मधल्या दुकानातल्या माणूसखाऊ रोपात आहे. ते दोन सीनच्या मध्ये वाढतं, रात्रीतून मोठं झालेलं दिसतं. कॅमेऱ्यासमोर वाढवायचं म्हटलं असतं तर त्यातच दिवस गेला असता. ‘बकेट’मध्येही तेच: नायक प्रेतावर माती थापून पुतळा करतो, पडद्यावर दिसतो तो मातीचा पुतळाच. रस्त्यावरचे शॉट ग्रिफिथ आणि नट मेल वेल्स यांनी वेगळे उरकले. तेव्हा बाहेरच्या सीनमध्ये संवाद ठेवू नका, गाड्यांचा आवाज निस्तरत बसावं लागतं.

क्लॅप_बॉय: नुसतं ‘लोकेशन एक’ म्हणून भागत नाही. दुकानाला काच असेल आणि कथेत पाच वेळा दिवस-रात्र बदलत असेल, तर लाइट पाच वेळा लावायचे. दिवसाचे सगळे सीन एका दमात, रात्रीचे वेगळे, अशी विभागणी लिहितानाच करा. रक्त सांडलं की त्या शर्टाचे तीन जोड लागतात; दोनच आणले की तिसरा टेक नाही. टेबलाभोवती पाच जण बसवले की प्रत्येकाच्या नजरेची दिशा सांभाळण्यात तास जातो, दोघांना उभं ठेवा.

सांगाडा पुन्हा वापरायला लाजू नका. वरचे दोन्ही सिनेमे एकाच साच्यातले: दबलेला नोकर, अपघाताने मृत्यू, त्यातून वाहवा, मग ती टिकवायला पुढचा बळी. फक्त पुतळ्याच्या जागी रोप आलं.

करारनामा: हातात काय लागलं? ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’वर (१९५६) काम करूनही पडद्यावर नाव नाही. ‘लिटल शॉप’वरून १९८२मध्ये संगीतिका झाली, १९८६मध्ये त्या संगीतिकेचा मोठा सिनेमा. ग्रिफिथच्या पदरात पडला पाव टक्का, तोही दावा लावल्यावर.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी लेखकाला सोडता येत नाही, करारात ‘सोडली’ असं लिहून घेतलं तरी. पण रीमेक, नाटक, वेब मालिका यांचे हक्क एकरकमी मानधनात गेले तर गेलेच. प्रत्येकाचं कलम वेगळं मागा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे आधी नोंदणी, मगच निर्मात्याला मेल. ही नोंदणी तारखेचा पुरावा आहे, मालकीचा निवाडा नाही, हा घोळ फार जण घालतात.

कोपऱ्यातली_खुर्ची: काच रद्द. शटर अर्धं ओढलेलं, आत ट्यूबलाइट. दिवस-रात्र एकच.

क्लॅप_बॉय: चालेल. फक्त शटर वाजतं तेव्हा कुणाच्या तोंडी वाक्य देऊ नका.