वरच्या मजल्याची खोली घेण्याआधी
पहिल्या वर्षाला हॉस्टेल निवडताना 'शांतता हवी तर सगळ्यात वरचा मजला घ्या' असा सल्ला दिला जातो. नागपुरात तसं करू नका, कळकळीने सांगतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग सोडत राहतो. मधला मजला, उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी बघा. पश्चिमेची भिंत नकोच. कूलरला परवानगी आहे का, त्याचं वीजबिल वेगळं लागतं का, हे आधीच विचारा. कूलर खिडकीबाहेर बसायला हवा आणि समोरून हवा बाहेर जायला वाट हवी. नाहीतर ओलावा खोलीतच कोंडतो, गाद्या दमट होतात, गारवा मात्र येत नाही. मेसचे पैसे भरण्याआधी एकदा तिथे जेवून बघा. अनामत परतीची अट पावतीवरच लिहून घ्या.