मदत हवी आहे: तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्याची केस कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून एमबीए करतोय. या सत्रात जागतिक व्यवसाय व्यवस्थापनाची तोंडओळख आहे आणि एक केस निवडून लिहायची आहे. मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो, म्हणून तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प घेतलाय.

परदेशी बाजारात शिरायचे मार्ग कळले: निर्यात, परवाना, फ्रँचायझी, भागीदारी, स्वतःचा कारखाना. पैसा जास्त ओतला की ताबा वाढतो, जोखीमही वाढते. गाडी अडते ती बाहेर पडण्यापाशी. त्यावर नोट्समध्ये जेमतेम अर्धं पान आहे.

कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. मे 2017 मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरीस भारतात शेवरोले या आपल्या ब्रँडच्या गाड्या विकणं बंद. तळेगावचं उत्पादन मात्र चालूच राहिलं! डावीकडे स्टिअरिंग असलेली शेवरोले बीट ही छोटी गाडी इथे बनून मेक्सिकोला जात होती, ती डिसेंबर 2020 पर्यंत. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून भारत नको, पण गाड्या बनवायला हवा. हे दोन वेगळे निर्णय धरून लिहिलं तर चालेल ना?

दुसरा प्रश्न कारणांचा. मारुती आणि ह्युंदाईपुढे टिकाव लागला नाही, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याच 2017 मध्ये कंपनीने युरोपातली आपली ओपेल ही कंपनी पीएसए या फ्रेंच वाहन कंपनीला विकली, दक्षिण आफ्रिकेतूनही काढता पाय घेतला. मला तर हा आधी डेट्रॉइटच्या मुख्यालयाचा भांडवल कुठे लावायचं याचा निर्णय वाटतो. तो इथल्या अपयशापासून वेगळा काढून दाखवायचा, तर वार्षिक अहवालात नेमकं काय शोधू?

खरा पेच ग्रेट वॉलचा आहे. जानेवारी 2020 मध्ये या चिनी कंपनीला कारखाना विकायचं ठरलं. एप्रिलमध्ये केंद्राने भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. मंजुरी मिळेना, आणि 2022 मध्ये व्यवहार बारगळला. ऑगस्ट 2023 मध्ये कारखाना विकण्याचा करार ह्युंदाईशी झाला. राजकीय जोखीम आम्हाला शिकवतात ती येणाऱ्या कंपनीच्या बाजूने. इथे तिचा फटका निघून जाणाऱ्यालाही बसला. या बाजूने विचार करणारी एखादी चौकट आहे का?

मधल्या काळात कामगारांचा लढा न्यायालयात गेला. 'स्टेकहोल्डर' (हितसंबंधी) या मथळ्याखाली दोन ओळींत तो उरकायला मन घेत नाही. शब्दमर्यादा दीड हजार आहे. कामगारांना स्वतंत्र भाग द्यायचा तर सिद्धांताचं काय कापू? कुणी असा प्रकल्प तपासला असेल किंवा त्या काळात या पट्ट्यात पुरवठादार म्हणून काम केलं असेल, तर जरूर लिहा. मराठी वाचन सुचवलंत तर फारच बरं.