ठाणे-नवी मुंबईत शांतता, सलोखा, न्याय यासाठीचे कार्यक्रम कुठे होतात? सोसायटीतही काहीतरी करायचंय

ऐरोलीकरीण

नमस्कार सगळ्यांना. मी ऐरोलीत राहते, सात वर्षं झाली, आधी नाशिकला होते. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला, दुसऱ्याच कुठल्यातरी राज्यातला, तोही जुना, आणि खाली लिहिलेलं की हे आपल्या इथेच झालंय. दोन तासांत ग्रुपवर जी भाषा सुरू झाली ती वाचून मला रात्रभर झोप नाही, कारण लिहिणारी माणसं परकी नव्हती, संक्रांतीला ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते तीच होती. आमच्या विंगमध्ये एकच मुस्लिम कुटुंब आहे, त्या भाभी पण त्याच ग्रुपवर आहेत. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या तर खाली बघत उभ्या. मीही काही बोलले नाही. ते जास्त टोचतंय.

आणि त्याच आठवड्यात नोटीस लागली, घरकामाच्या बायकांनी फक्त मागची लिफ्ट वापरायची. मला या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या वाटतात, बरोबर का चूक माहीत नाही.

तर विचारायचं असं की शांतता, सलोखा, सामाजिक न्याय यावरचे कार्यक्रम इकडे कुठे होतात, कुणालाही जाता येतं का, की संघटनेचं असावं लागतं? एकटी बाई गेली तर चालेल ना? आणि दुसरं म्हणजे २ ऑक्टोबरला सोसायटीत काही करावं असं डोक्यात आहे पण मेणबत्त्या लावून उभं राहण्यापलीकडे काही सुचत नाहीये. पोलिसांची परमिशन लागते का तेही सांगा.

मासुंदा_काठ

ताई, आधी एक सांगतो, एकटी या, बिनधास्त या. माझं वय अडुसष्ट, जन्म ठाण्यातला, असल्या कार्यक्रमांना मी चाळीस वर्षं जातोय आणि दारात कुणी संघटना विचारल्याचं मला आठवत नाही. मागच्या खुर्चीवर बसायचं, ऐकायचं, शेवटी चहाला थांबायचं. खरी ओळख चहाला होते.

बहुतेक कार्यक्रम ठरलेल्या तारखांच्या आसपास असतात म्हणून तारखा डोक्यात ठेवा. ६ ऑगस्ट हिरोशिमा दिन, २० ऑगस्ट डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन, मग ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती. संविधान दिनाला कोर्ट नाक्याला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी एकदा जाऊन बघा, उद्देशिका मोठ्याने वाचताना अंगावर काटा येतो, घरी एकट्याने वाचण्यात आणि अनोळखी माणसांच्या आवाजात आवाज मिसळून वाचण्यात फार फरक आहे. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था आहे, झोपडपट्टीतून शिकून दहावी पास होणाऱ्या मुलांचा एकलव्य म्हणून गौरव करतात, रत्नाकर मतकरींनी यांच्याच सोबतीने वस्तीतल्या मुलांचं नाटक उभं केलं, वंचितांचा रंगमंच. ती मुलं स्वतःच्या वस्तीतलं, स्वतःच्या घरातलं सांगतात, बघायची संधी मिळाली तर सोडू नका. अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, शाखाही आहेत.

पण मला सगळ्यात मोठा कार्यक्रम वाटतो तो कुणी जाहीर न केलेला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी ठाण्यावरून मुंबईला गेले ना, जवळजवळ १८० किलोमीटर चालत, तेव्हा हायवेच्या कडेला लोक आपणहून उभे होते. पाणी, बिस्किटं, कुणी पोहे करून आणलेले. पायाला फोड आलेल्या बायका बघून आमची ही घरी गेली आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चपला पिशवीत भरून आणल्या, स्वतःच्या रोजच्या पण. आणि त्या लोकांनी काय केलं, तर दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून सायनच्या सोमय्या मैदानातून रात्रीच उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेले. त्या दिवसाने आम्हाला जे शिकवलं ते शंभर भाषणांनी शिकवलं नसतं.

कौसा_भिवंडी

ताई तुमची पोस्ट वाचून गप्प राहवलं नाही. मी मुंब्र्याजवळ कौशाला राहतो, मूळचा भिवंडीचा, वडील पॉवरलूमवर होते. १९८४ च्या दंगलीत आम्ही लहान होतो, आईने आम्हाला माळ्यावर बसवून ठेवलेलं एवढं आठवतं, आणि यंत्रमागाचा आवाज बंद झालेला. भिवंडीत तो आवाज बंद पडणं म्हणजे काय हे तिथल्या माणसालाच कळेल.

मग १९८८ ला सुरेश खोपडे डीसीपी (पोलीस उपायुक्त) म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या. दंगल पेटल्यावर शांतता कमिटी बोलवायची आणि पुढाऱ्यांना चहा पाजायचा ही जुनी पद्धत. यांनी उलटं केलं, काही झालेलं नसताना साध्या माणसांना एकत्र बसवलं. दोन्ही समाजाची माणसं, त्यात लूमवाला, दुकानदार, आणि बसायचं कशावर तर गटार, नळ, भांडण, कुणाची पोरं त्रास देतात, असल्या गोष्टींवर. आमचे वडील जायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई जळत होती आणि भिवंडी, जिच्या नावाने लोक घाबरायचे, ती शांत राहिली. का, तर अफवा आली की माणूस समोरच्या आळीतल्या ओळखीच्या माणसाकडे जाऊन विचारू शकत होता, अरे हे खरं आहे का. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्यांचं काम उभं राहिलं, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी ते नेलं पुढे, पोरांचे क्रिकेटचे सामने वगैरे.

पण हे एकदा करून सोडून द्यायचं काम नाही. त्याच भिवंडीत २००६ ला पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पुन्हा पेटलं, गोळीबारात माणसं गेली, दोन पोलीसही मारले गेले. माझं मत विचाराल तर बसणं-उठणं कमी झालं की असं होतं.

म्हणून २ ऑक्टोबर नंतर बघा. आधी त्या भाभींच्या घरी जा. आम्हाला अशा वेळी कुणी मोठ्या सभेत आपली बाजू घेतली नाही घेतली ते तेवढं लागत नाही, पण रोज हसून बोलणारं कुणीच दारात आलं नाही की ते आयुष्यभर लागतं.

कोपरखैरणे_गाव

वरच्या दादांचं सगळं पटलं पण एक गोष्ट बोलते, राग मानू नका. शांतता शांतता म्हणताना शांतता म्हणजे गप्प बसणं असं व्हायला नको. आम्ही इथले भूमिपुत्र, आगरी. तुम्ही सगळे राहता ते हे शहर आमच्या आजोबांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभं आहे, आणि त्या जमिनीचा योग्य मोबदला मागायला दि. बा. पाटील साहेबांबरोबर जे शेतकरी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणला रस्त्यावर उतरले त्यांच्यावर गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्क्यांची योजना, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढी विकसित जमीन शेतकऱ्याला परत, त्यांच्या रक्तातून आलीय. आमच्याकडे जानेवारीत जासई, पागोटे इथे हुतात्म्यांना अभिवादन असतं, तुम्ही शहरातली माणसं कधीतरी या तिथे, तोही न्यायासाठीचाच कार्यक्रम आहे आणि तुमच्या घरापासून तासाभरावर आहे. २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून आम्ही मानवी साखळी केली, माझी आजी काठी घेऊन उभी होती उन्हात. एक काच फुटली नाही. शांततेत पण जोरात मागता येतं.

मेणबत्तीला माझा विरोध नाही. पण ज्या नोटीसने कामाच्या बाईला मागची लिफ्ट दाखवली ती नोटीस तशीच भिंतीवर ठेवून तिच्याच खाली मेणबत्त्या लावणार असाल तर मला ते खोटं वाटेल.

सेक्रेटरी_वाशी

परमिशनचं सांगतो. सोसायटीच्या आवारात, आपल्याच मेंबर लोकांचा साधा कार्यक्रम असेल तर कमिटीला लेखी पत्र द्या, ते पुरतं. माइक लावणार असाल तर लोकल पोलीस स्टेशनला अर्ज करून परवानगी घ्यायची आणि रात्री १० च्या आत बंद म्हणजे बंद. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं तेही बघून घ्या. बाहेर रस्त्यावर किंवा फेरी काढायची असेल तर मात्र पोलिसांना विचारल्याशिवाय नको, आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ चे मनाई आदेश वरचेवर लागू असतात, पाच किंवा जास्त माणसं जमायची तरी अडवू शकतात. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे हे खरं, पण अर्ज आठवडाभर आधी टाकलेला असला की आयत्या वेळी धावपळ होत नाही.

आणि आमच्या सोसायटीतून एक शिकलेलं. सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी स्वस्तात होतं म्हणून लोक उतरवतात. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव केला की मशीनशिवाय काम नाही. विरोध झाला, पैशावरून. पण ठराव झाला. मला तरी हा सोसायटीत करता येण्यासारखा न्यायाचा कार्यक्रम वाटतो.

दिघा_ते_कॉलेज

मी हे पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझी आई ऐरोलीत चार घरी काम करते, सतरा वर्षं झाली. कदाचित तुमच्याच सोसायटीत असेल, कदाचित नसेल. लिफ्टचं तिने घरी येऊन सांगितलं नाही, मला तिच्याबरोबर येणाऱ्या मावशीने सांगितलं. आईला विचारलं तर म्हणाली, जाऊदे, पाय आहेत ना, जिन्याने जाते.

ताई, तुम्हाला विनंती आहे, २ ऑक्टोबरला या बायकांना बोलावून गुलाबाचं फूल देऊ नका. गेल्या महिला दिनाला आईला एका ठिकाणी असंच स्टेजवर बोलावलं, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच तिचा एक दिवसाचा खाडा कापला. काही करायचंच असेल तर घरकामगारांची नोंदणी करून द्या. २००८ चा कायदा आहे महाराष्ट्राचा, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा, पण निम्म्या बायकांना माहीतच नाही आणि ज्यांना माहीत आहे त्या मालकाच्या दाखल्यासाठी अडतात कारण मॅडमना वाटतं सही केली तर आपण कशात तरी अडकू. तुमच्यासारख्या दहा जणींनी एका टेबलावर बसून सह्या दिल्या, फॉर्म भरायला मदत केली, आधारच्या झेरॉक्स काढून दिल्या तर एका दिवसात पंचवीस-तीस बायकांचं होईल. फॉर्म मी भरते, मला येतो.

घंटाळी_रोड

दिघ्याच्या मुलीला माझा हात जोडून नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे, रविवारी मोकळी असते, ठाण्याहून ऐरोली काय, ट्रान्स हार्बरने दोन स्टेशनं. फॉर्म भरायला मीही येईन.

ऐरोलीकरीण

चार दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, कोपरखैरणेच्या ताईंचं तीनदा.

परवा संध्याकाळी भाभींकडे गेले. डब्यात साबुदाण्याचे वडे नेले होते, काहीतरी हातात हवं म्हणून. व्हिडिओचा विषय मीच काढला आणि मी तेव्हा गप्प बसले त्याची माफी मागितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की त्या रात्री त्यांच्या मुलाने दहावीचं पुस्तक मिटून विचारलं, अम्मी आपण दुसरीकडे राहायला जायचं का. मला पुढे काही बोलता आलं नाही. निघताना त्यांनी डबा रिकामा दिला नाही, शेवया भरून दिल्या. २ ऑक्टोबरला येते म्हणाल्या, फक्त मला पुढे उभं करू नका, मी फॉर्मच्या टेबलावर बसेन, त्यांचं अक्षर छान आहे.

नोटीस काढा म्हणून कमिटीला अर्ज लिहिलाय. आत्तापर्यंत अकरा घरांच्या सह्या झाल्या, त्यातल्या दोन सह्या त्या रात्री ग्रुपवर सगळ्यात जास्त लिहिणाऱ्यांच्या घरातल्या आहेत, त्यांच्या बायकांनी केल्यात. दोघींनी दार उघडल्या उघडल्या केल्या. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, अर्ज तिथे ठेवते. मेणबत्त्या रद्द. माइक पण नको. क्लबहाऊस मिळालं तर तिथे, नाहीतर पार्किंगमध्ये दोन टेबलं टाकू, सकाळी नाही, दुपारी ३ ला, कारण कामाच्या बायका त्या वेळेला मोकळ्या असतात असं आमच्या मावशींनी सांगितलं.

दिघ्याच्या ताई, तुम्ही कोऱ्या फॉर्मच्या किती प्रती आणू शकाल? इथेच कळवा, म्हणजे बाकीच्या झेरॉक्स मी शनिवारीच काढून ठेवते.

दिघा_ते_कॉलेज

दहा आणते. आईला पण आणते.