मदत हवी आहे: पाणलोटातला मातीचा आणि भूजलाचा साठा वेगळा कसा काढायचा?

एका छोट्या पाणलोट क्षेत्राचा महिनावार ताळेबंद मांडतोय: पाऊस = ओढ्यातून गेलेलं पाणी + बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन + साठ्यातला बदल. पूर्ण जलवर्ष (एका पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत) धरलं की साठ्यातला बदल शून्याजवळ येतो आणि हिशेब बऱ्यापैकी बसतो. अडतं ते पावसाळ्याच्या सुरुवातीला. पाऊस भरपूर, ओढा मात्र जेमतेम वाहतो. पाणी आधी कोरड्या मातीत मुरतंय हे उघड आहे, पण त्यातलं मातीत किती थांबलं आणि खाली भूजलात किती उतरलं, तेच कळायला हवंय.

बाष्पीभवन पात्राच्या (उघड्या पात्रातून किती पाणी उडालं त्याच्या) नोंदी ०.७ ने गुणून घेतल्या आहेत, कारण पात्रातून पाणी जास्त उडतं. विहिरींच्या पातळ्याही आहेत. पण पातळी १ मीटर चढली तरी स्पेसिफिक यील्ड (खडकाच्या एकूण आकारमानाच्या किती टक्के पाणी त्यातून निथळून मिळतं ते) २ टक्के धरलं तर साठा वाढतो फक्त २० मिलिमीटर, ३ टक्के धरलं तर ३०. सगळं उत्तर या एका आकड्यावर अवलंबून आहे. पंपिंग टेस्ट (विहीर उपसून पातळी कशी बदलते ते मोजणं) शक्य नाही, ओलावा मोजायचे सेन्सर नाहीत. खडक कठीण, भेगाळ. तलाव नाही, उपसा नगण्य.

कोरड्या महिन्यांत ओढ्याचा प्रवाह आणि विहिरींची पातळी एकत्रच उतरते, त्यावरून स्पेसिफिक यील्ड काढता येईल का? आणि तसं काढताना झाडांच्या मुळांनी थेट ओढून घेतलेलं भूजल हिशेबात कसं धरायचं?