पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते, पलटण कशी शोधू?

रानवाट: माझे पणजोबा (आजोबांचे वडील) पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते, एवढंच घरात माहीत आहे. ते सुखरूप परत आले. कागद एकही उरलेला नाही, फक्त राजाचा मुखवटा असलेलं चांदीचं पदक आहे. आजी नव्वदीत आहे. तिच्या सासऱ्यांची पलटण कोणती, ते कुठे लढले, हे तिला तिच्या हयातीत सांगायचंय. सुरुवात कुठून करू?

जुनी_बखर: पदकाची कड बघा. उजेडात तिरकं धरा आणि भिंग लावा. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. पॉलिश अजिबात लावू नका, झिजलेली अक्षरं कायमची जातील. नंबर फार मोलाचा, कारण नावाचा भरवसा नसतो. शिंदेंचे सिंदे, चव्हाणांचे चवान. कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

रानवाट: दिसलं! '११७ मराठाज' स्पष्ट आहे, नंबर चार आकडी. हात थरथरत होते वाचताना.

सह्यकडा: ११७ मराठा म्हणजे कुट-अल-अमाराच्या (आजच्या इराकमधलं गाव) वेढ्यात अडकलेली पलटण. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं उपाशीपोटी शरणागती पत्करली आणि तुर्कांच्या कैदेत कितीतरी जण वाटेतच गेले. पण पणजोबा त्यात होतेच असं लगेच धरू नका. काही जखमी वेढ्याआधीच मागे पाठवले होते आणि पलटण पुढे नव्यानं उभी राहिली. आजींना विचारा, कैदेचं किंवा उपासमारीचं कधी बोलायचे का? रेडक्रॉसच्या संकेतस्थळावर त्या युद्धातल्या कैद्यांच्या नोंदी फुकट बघता येतात.

जुनी_बखर: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यादीत फक्त मेलेल्यांची नावं आहेत, पणजोबा तिथे सापडणार नाहीत. तरी ती उघडाच. ११७ मराठाजचे मृत शोधा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, त्यातून त्यांच्या पंचक्रोशीतले सोबती कळतील. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावं कोरली आणि शिपायांचा नुसता आकडा. मला ते अजून सहन होत नाही, म्हणून ती यादी मी नावानिशी वाचतो.

कागदपत्रे: १९२२ च्या फेररचनेत ही पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, आजचं केंद्र बेळगावला. तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र जरूर लिहा, पण आशा बेताची ठेवा. पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. पलटणीची युद्धदैनंदिनी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळेल. शिपायाचं नाव त्यात क्वचितच येतं, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते समजतं.

रानवाट: आजीला विचारलं. म्हणाली, "ताटात भाकरीचा तुकडा टाकू द्यायचे नाहीत, तेवढ्यावरून घर डोक्यावर घ्यायचे." कैदेचं मात्र तिनं कधी ऐकलेलं नाही. एक अडचण आहे: नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही.

जुनी_बखर: पातळ कागद कडेवर दाबून धरा आणि मऊ शिसपेन्सिल हलकेच फिरवा. तरी कळलं नाही तर दोन्ही नंबर शोधा.