पेंटाचे तीन डोस एकाच सुईत: विरघळणाऱ्या कणांची लस अजून का आली नाही?

कोयत्याच्या गावची सिस्टर

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात १४ वर्षं एएनएम, म्हणजे लसी देणारी नर्स आहे. आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाचा ट्रक येतो, त्यावर भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं सगळं चढतं. ऊसतोडीच्या टोळ्या फडावर जातात ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावरच परत येतात.

दीड महिन्याच्या बाळाला पेंटाचा, म्हणजे धनुर्वात, घटसर्प धरून पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा, पहिला डोस मी देते. दुसरा १० आठवड्यांना, तिसरा १४ आठवड्यांना. तोवर ते बाळ कुठल्यातरी साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत असतं. एप्रिलात आई पिशवीतून कार्ड काढते, घड्यांवर फाटलेलं, पाचटाचा वास लागलेलं. पेंटा-१ च्या चौकोनात माझी सही, पुढचे दोन कोरे. मागच्या मोसमात अशी ११ कार्डं माझ्या टेबलावर आली. एकेका कार्डाकडं बघून जीव तुटतो.

माझा भाचा फार्मसीला आहे. तो म्हणाला, मावशी, विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचे बारीक कण असतात, त्यात लस भरायची, एकदाच टोचायचं, पुढचे डोस कण आपोआप आत सोडतात. टाक्यांचा विरघळणारा दोरा असतो ना, त्याच जातीचं ते प्लॅस्टिक. तो दोरा तर आम्ही कायम बघतो. मग लस का नाही? पैशामुळं अडलंय की खरंच अवघड आहे? कुणी यात काम केलं असेल तर समजेल असं सांगा.

कणकण

सिस्टर, भाचा बरोबर सांगतोय. मी एम.फार्म.ला दोन वर्षं हेच कण बनवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या प्लॅस्टिकला पीएलजीए म्हणतात. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाची साखळी. शरीरातल्या पाण्याने ती हळूहळू तुटते आणि जी आम्लं निघतात ती शरीर सहज पचवतं. दोन्ही आम्लं निम्मी-निम्मी असली तर साखळी एक-दोन महिन्यांत विरते. लॅक्टिक वाढवलं की जास्त टिकते, नुसतं लॅक्टिक असेल तर वर्षभरसुद्धा. म्हणजे वेळ लांबवणं-आखडणं हातात आहे. प्रोस्टेट कॅन्सरवरचं ल्युप्रोलाइडचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन याच कणांचं, अमेरिकेत ते १९८९ पासून मिळतं.

मग लशीचं का अडलं? ल्युप्रोलाइड ही नऊ अमिनो आम्लांची छोटीशी माळ आहे. पेंटातला धनुर्वाताचा भाग म्हणजे टॉक्सॉइड, निरुपद्रवी केलेलं विष. तो ज्या विषापासून बनतो ते तेराशेहून जास्त अमिनो आम्लांचं, घड्या घातलेलं प्रथिन. त्या घड्या विस्कटल्या की शरीराला त्यातून धनुर्वाताची ओळखच पटत नाही.

आणि आम्ही कण बनवताना त्याचे हाल करतो. पीएलजीए डायक्लोरोमिथेन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळवायचं, त्यात टॉक्सॉइडचं पाणी टाकून होमोजिनायझरने घुसळायचं, ते मिश्रण पुन्हा दुसऱ्या पाण्यात ओतून घुसळायचं. बीकरमध्ये दुधासारखं पांढरं दिसतं. रात्रभर ढवळत ठेवलं की सॉल्व्हंट उडून जातो आणि तळाशी कण बसतात, ते वाळवले की कोरडी पावडर. सूक्ष्मदर्शकाखाली इतके गोल, गुळगुळीत दिसतात की पहिल्यांदा पाहिल्यावर मी गाइडना बोलवायला धावत गेलो होतो.

खरी परीक्षा त्यानंतर. कण ३७ अंशांच्या शेकर बाथमध्ये ठेवले आणि दर आठवड्याला वरचं पाणी काढून तपासलं. पहिल्याच दिवशी बरंच प्रथिन भसकन बाहेर आलं. मग तीन आठवडे जवळपास काही नाही. पाचव्या आठवड्यात पुन्हा यायला लागलं, मी खूश झालो. एलायझा लावली, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखलं की रंग येतो ती चाचणी, तर प्लेटमध्ये रंगच येईना. प्रथिन होतं, पण अँटिबॉडीला ते ओळखू येत नव्हतं. तीन बॅचमध्ये तेच.

कारण कणाच्या आत आहे. साखळी तुटते तसं आम्ल आतच साठतं, सामू (पीएच) ३ च्याही खाली, म्हणजे चांगलाच आंबट, जाऊ शकतो. त्यात ओल आणि अंगाची ऊब. टॉक्सॉइड फॉर्मल्डिहाइडने बनवलेला असतो, त्यामुळे ओल लागली की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणजे दुसरा डोस महिनाभर दमट, आंबट खोलीत कोंडून ठेवायचा आणि मग तो ताजा निघावा अशी अपेक्षा करायची. २००० साली अमेरिकेतल्या एका गटाने कणात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून दाखवलं, पित्तावरच्या औषधात असतं तेच. त्याने आम्ल बरंच आटोक्यात आलं, मीही ते वापरलं. पण प्रत्येक प्रथिनाची दुखणी वेगळी, एकाला लागू पडलेला इलाज दुसऱ्याला पडेलच असं नाही.

काम थांबलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०-९० च्या काळात एका डोसच्या धनुर्वात लशीसाठी बराच जोर लावला होता. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत अमूल्य पांडा यांच्या गटाने याच कणांवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या रॉबर्ट लँगर यांच्या गटाने तर झाकणाचे कण बनवले. आधी बारीक पेला, त्यात औषध, वर झाकण चिकटवायचं. उंदरांमध्ये ते साधारण ९, २० आणि ४१ व्या दिवशी उघडले, मध्ये गळती नाही. तुम्हाला हवं आहे ते हेच.

पैशाचा भागही खरा आहे. साधं इंजेक्शन शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून निर्जंतुक करता येतं. हे कण त्या भोकांपेक्षा मोठे, आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, उष्णतेत ते टिकत नाहीत. म्हणून पहिल्या पायरीपासून सगळं निर्जंतुक ठेवावं लागतं. काही रुपयांच्या लशीला हा खर्च जड जातो.

बाळांचा डॉक्टर

वरचं उत्तर वाचून बरंच शिकलो. दवाखान्याच्या बाजूने थोडं. असे कण आले तरी सगळ्या लशी त्यात बसणार नाहीत. गोवर-रुबेला जिवंत विषाणूची आहे, ती नऊ महिन्यांनाच द्यावी लागेल. रोटा आणि पोलिओचे थेंब तोंडावाटेच. शिवाय एकदा टोचलेले कण परत काढता येत नाहीत. पहिल्या डोसला बाळाला गंभीर त्रास झाला तर आज आपण पुढचा डोस थांबवतो, तिथे ती सोय नाही.

सिस्टर, त्या ११ कार्डांचं मात्र आजच होऊ शकतं. वर्षाच्या आत पेंटाचा एक जरी डोस झाला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. चार-चार आठवड्यांच्या अंतराने उरलेले पूर्ण करा.

कोयत्याच्या गावची सिस्टर

डॉक्टर, ते मी करते. नऊ बाळांचे पूर्ण झाले, दोन कुटुंबं अजून परतली नाहीत.

कणकण सर, आंबट खोलीचं लगेच कळलं. एकच विचारते. हे कण कोरडी पावडर असतात म्हणता, मग आइस पॅक आणि व्हॅक्सिन कॅरियर तरी सुटेल का? मे महिन्यात वाडीवर जाईपर्यंत पॅक वितळायला लागतात.

कणकण

पूर्ण नाही सुटणार, सिस्टर. कोरडं प्रथिन ओल्यापेक्षा जास्त टिकतं, तेवढा फायदा आहे. पण कोरडं पीएलजीए साधारण ४५ ते ५० अंशांना मऊ पडतं, आणि ओल लागली तर त्याच्याही आधी. तुमच्याकडं मे महिन्यात गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होत असेल. तिथे पावडरचा गोळा होतो. लॅबच्या खिडकीत उन्हात राहिलेल्या एका बाटलीत माझ्याकडून हे झालंय, नंतर कितीही हलवली तरी ती पावडर सुटी झाली नाही.