मोठे संकट पेलले. मग किरकोळ कटकटींनी जीव मेटाकुटीला का येतो?

उंबरठा:

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या आईवर मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढचे पाच महिने रुग्णालय, नोकरी आणि घर या तिन्ही आघाड्या मी सांभाळल्या. त्या दिवसांत मला एकदाही रडू आले नाही, रात्री पाठ टेकली की झोप लागत असे आणि डॉक्टरांशी बोलताना आवाज कधी कापला नाही. आई आता पूर्ण बरी आहे, केवळ अधूनमधून तपासणीसाठी न्यावे लागते. खरे तर मी निर्धास्त व्हायला हवे. पण गेल्या तीन महिन्यांत उलटेच झाले आहे. किल्ली जागेवर नसली, कोणी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला किंवा संगणक दोन मिनिटे अडून बसला, तरी डोके भणभणते. परवा धाकट्या भावावर एवढ्याशा कारणावरून अशी ओरडले, की त्याने काही न बोलता दार लोटून घेतले. पहाटे साडेतीनला झोप मोडते आणि मग लागत नाही.

नोकरीत काम तेच आहे. नवे वरिष्ठ आल्यापासून रात्री संदेश येतात, कधी एका रात्रीत सहा, तर कधी चार दिवस एकही नाही. पण ते काही फार मोठे काम नसते.

मैत्रिणींनी रोज चालण्याचा आणि दीर्घ श्वसनाचा सल्ला दिला. तीन आठवडे नेमाने चालले, मात्र फोन हातातच असे आणि फरक काहीच पडला नाही. माझे विचारणे एवढेच आहे, की मोठ्या प्रसंगात न डगमगलेले माणूस क्षुल्लक गोष्टींनी का कोलमडते, आणि ताणाचा प्रकार पाहून त्याला तोंड देण्याची रीत बदलावी लागते का?

जुनी वही:

मी बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले. तुमचा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी वेगवेगळ्या शब्दांत विचारत असत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताण म्हणजे मोठी घटना, हा समज पुष्कळ काळ अभ्यासकांचाही होता. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातील 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. विवाह हे प्रमाण मानून त्याला 50 गुण, जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73. सुट्टीवर जाण्यालासुद्धा 13. वर्षभरातील गुणांची बेरीज जितकी जास्त, तितकी आजारपणाची शक्यता अधिक, असा त्यामागचा विचार होता. या यादीत जवळच्या माणसाचे आजारपण बरेच वर आहे आणि हरवलेल्या किल्लीला जागाच नाही. तरीही पुढे 1981 मध्ये रिचर्ड लॅझरस यांच्या गटाने 100 मध्यमवयीन व्यक्तींचा काही महिने मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्या मानसिक तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो असे दिसले.

पण मला तुमच्या बाबतीत त्याहून जास्त लागू वाटतात ते डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचे गोंगाटाचे प्रयोग, जे 1972 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. काही जणांना ठरावीक अंतराने आणि काही जणांना केव्हाही, असा कर्कश आवाज ऐकवत त्यांच्याकडून साधी कामे करून घेतली गेली. आवाज चालू असताना दोन्ही गटांनी जुळवून घेतले आणि काम नीट केले. फरक दिसला तो आवाज थांबल्यानंतर. ज्यांना तो अवेळी ऐकावा लागला होता, त्यांनी न सुटणारी कोडी लवकर सोडून दिली आणि मुद्रितशोधनात अधिक चुका केल्या. आणखी एका गटाच्या हाताशी आवाज बंद करण्याचे बटण दिले होते. शक्यतो ते दाबू नका, असेही सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीसुद्धा नंतरच्या कामात या मंडळींची कामगिरी बटण नसलेल्यांपेक्षा सरस ठरली. न वापरलेल्या बटणाचा एवढा उपयोग व्हावा, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

आता तुमच्या दोन काळांची तुलना करा. आईच्या आजारपणात ताण मोठा होता; पण शस्त्रक्रियेचा दिवस, औषधांच्या वेळा, पुढच्या तपासणीची तारीख हे सारे ठाऊक होते, प्रत्येक दिवशी करण्यासारखे काही ना काही होते आणि त्या कष्टांना अर्थही होता. तुम्ही जाता जाता लिहिलेले रात्रीच्या संदेशांचे वाक्य पाहा. काम छोटे आहे हे मान्य; पण ते कधी येईल हे माहीत नाही आणि थांबवण्याचे बटण तुमच्याकडे नाही. चार दिवस संदेश आला नाही म्हणजे चार दिवस विश्रांती मिळाली असे होत नाही, कारण त्या चारही रात्री कान फोनकडेच असतात. किल्ली आणि भाऊ हे त्याचे बळी आहेत, कारण नव्हेत.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर होकारार्थी आहे. लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन प्रकार मांडले. एक समस्याकेंद्री, म्हणजे ताणाच्या मुळाशी असलेली परिस्थितीच बदलू पाहणे. दुसरा भावनाकेंद्री, म्हणजे परिस्थिती तशीच राहणार असेल तर तिच्यामुळे उठणाऱ्या भावना आटोक्यात आणणे. चालणे आणि श्वसन हे मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडतात. ते वाईट नाहीत. पण जिथे वरिष्ठांशी एकदा स्पष्ट बोलून वेळ ठरवून घेता येईल, तिथे केवळ श्वासावर लक्ष ठेवणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत राहणे झाले.

रात्रपाळी:

बटणाची गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. आमच्या यंत्रणेत बिघाड झाला तर घरून उठून यावे लागते. पूर्वी कोणालाही, केव्हाही बोलावले जाई. गंमत अशी, की प्रत्यक्ष बोलावणे आलेल्या रात्रीपेक्षा न आलेल्या रात्रीच जास्त थकवत, कारण बोलावणे आले की माणूस काम उरकून मोकळा होतो. पुढे आम्ही चौघांनी मिळून वरिष्ठांना पाळ्यांचे वेळापत्रक लिहून दिले. बिघाड तितकेच राहिले, एकूण कामाचे तासही तेवढेच. पण ज्या तीन आठवड्यांत माझी पाळी नसते, त्यांत मी फोन बंद करून झोपतो.

बोलायला जाण्यापूर्वी एक करा. दोन आठवडे प्रत्येक संदेशाची वेळ आणि त्याला त्याच रात्री उत्तर देणे खरोखर आवश्यक होते का, हे टिपून ठेवा. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला समजूत घालून परत पाठवता येते, टिपण घेऊन गेलेल्याला तितके सहज नाही.

सावली:

वरच्या दोन्ही उत्तरांत चूक काही नाही. पण सगळ्यांच्याच ताणाला बटण बसवता येते असा त्यातून समज होऊ नये, म्हणून लिहिते. माझ्या पतींना स्मृतिभ्रंश आहे आणि मी सहा वर्षे त्यांची देखभाल करते आहे. यात वेळापत्रक कोणाला लिहून द्यायचे? आजार बदलणार नाही, उलट वाढतच जाणार आहे. सुरुवातीची दोन वर्षे मी हा प्रश्न 'सोडवण्यात' घालवली. नवे डॉक्टर, नवे उपाय, रोजच्या वागण्याची नोंदवही. त्यातले बरेचसे उपयोगाचे होते. पण ज्या गोष्टी माझ्या हातात नव्हत्या, त्यांच्याशीही मी तितक्याच त्वेषाने झगडत राहिले आणि त्यात माझीच तब्येत ढासळली.

शरीर याची किंमत मोजते, हे मी नंतर वाचले. 1995 मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया यांच्या हातावर सारखीच, साडेतीन मिलीमीटरची लहानशी जखम करून ती भरून यायला किती दिवस लागतात ते पाहिले. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. हे वाचले त्या दिवशी मला कोण जाणे का, पण बरे वाटले. आपण नाजूक आहोत म्हणून थकतो असे नाही, एवढे तरी कळले.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी दोनच आहेत. पहिली, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, जेव्हा नणंद येऊन बसते आणि मी घराबाहेर पडते. 'लागेल तेव्हा हाक मार' असे म्हणणारे पुष्कळ होते. पण हाक मारणे हेच एक काम होऊन बसते, म्हणून वार आणि वेळ पक्की करून घेतली. दुसरी, लिहिणे. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये काही विद्यार्थ्यांना आपल्या आयुष्यातील क्लेशकारक अनुभवाविषयी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहायला सांगितले होते. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटले. पण घटना आणि तिच्याविषयीच्या भावना ही दोन्ही मांडणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातील खेपा पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. मी लिहिलेले कोणाला दाखवत नाही आणि स्वतःही पुन्हा वाचत नाही.

उंबरठाताई, एक विचारू का? त्या पाच महिन्यांत तुम्हाला रडू आले नाही, हे तुम्ही खंबीरपणाची खूण म्हणून लिहिले आहे. मला वाटते, तेव्हा तुम्हाला सवड नव्हती. संदेशांचा बंदोबस्त जरूर करा. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून हा हिशेब पुरा होईल असे मला वाटत नाही.

चिकित्सक:

थोडा विरोधी सूर लावतो. 1981 च्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख झाला, त्यातील कटकटींच्या यादीवर 1984 मध्येच आक्षेप घेतला गेला होता, की तिच्यातील कित्येक बाबी या स्वतःच मानसिक त्रासाची लक्षणे आहेत. म्हणजे कटकटींमुळे माणूस खचते की खचलेल्या माणसाला सगळे कटकटीचे वाटते, हे त्या यादीवरून नीट वेगळे करता येत नाही. मूळ प्रश्नालाही हे लागू आहे.

शिवाय प्रत्येक तक्रार ताणाच्या खाती टाकण्याची सवय धोक्याची असते. पोटातील अल्सर हे एकेकाळी मानसिक ताणाचे ठळक उदाहरण म्हणून सांगितले जाई. पुढे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरमागे एक जिवाणू असल्याचे दाखवून दिले आणि 2005 चे नोबेल पारितोषिक मिळवले. तोवर कित्येक रुग्णांना प्रतिजैविकाऐवजी 'शांत राहा' हा सल्ला मिळत होता. पहाटे झोप मोडणे आणि चिडचिड ही लक्षणे तीन महिने टिकली आहेत. थायरॉइडचा विकार, रक्ताल्पता आणि नैराश्य यांतही असे होऊ शकते. एकदा डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. काही निघाले नाही तर वरची सगळी चर्चा आहेच.

जुनी वही:

आक्षेप रास्त आहे आणि मी तो आधीच नमूद करायला हवा होता. सावली यांचेही म्हणणे मान्य. फोकमन आणि लॅझरस यांनीही दोन्हींपैकी एक प्रकार श्रेष्ठ असे म्हटले नव्हते. बहुतेक माणसे एकाच प्रसंगात दोन्ही वापरतात, असेच त्यांच्या पाहणीत दिसले होते. माझी गळक्या नळाची उपमा त्या मानाने जरा उतावीळ झाली.

पहाटेच्या जागरणासाठी एक जोड देतो. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये चिंता करण्यासाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवण्याची पद्धत तपासली होती. वेळ आणि जागा रोज तीच ठेवायची, इतर वेळी चिंता डोकावली की तिला त्या अर्ध्या तासावर ढकलायचे आणि ती वेळ आली की खरोखर बसून चिंताच करायची. फक्त ती जागा अंथरूण नसावी.

उंबरठा:

सर्वांचे आभार. लगेच लिहिले नाही, कारण आधी टिपण पुरे करायचे होते.

चौदा दिवसांत तेवीस संदेश आले. त्याच रात्री उत्तर द्यावे लागेल असे त्यांत दोनच होते. कागद घेऊन वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, "मला सुचेल तेव्हा मी पाठवून ठेवतो, उत्तर लगेच द्या असे मी कधी म्हटले होते?" खरेच म्हटले नव्हते. तातडीचे असेल तर ते फोन करतील आणि संदेश मी सकाळी पाहीन, असे ठरले. पहिल्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनही अकरापर्यंत तीनदा उठून पाहून आले. चौथ्या रात्रीपासून उठले नाही.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले, औषध चालू केले आहे. त्यामुळे आता झोप सुधारते आहे ती कशामुळे, हे सांगता येणार नाही. चिकित्सक यांना यावर नक्कीच काही म्हणायचे असेल.

सावलीताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून आधी रागच आला आणि म्हणूनच त्यावर विचार करत राहिले. त्यानंतर चार दिवस लिहिले. काय लिहिले ते इथे सांगत नाही. आईच्या तपासणीची तारीख जवळ आली की मी आठवडाभर आधीपासून घरात सगळ्यांवर खेकसते, हे लिहिताना ध्यानात आले; ते मला पूर्वी दिसलेच नव्हते. भावाला तसे सांगितले. रुग्णालयाची फाइल आता त्याच्याकडे आहे आणि पुढच्या तपासणीला आईला तोच नेणार आहे. फाइल देताना कोणता कागद कुठे आहे हे मी त्याला चारदा सांगितले. पाचव्यांदा सांगू लागले, तेव्हा त्याने फाइल काखेत मारली आणि तो खोलीत निघून गेला.